दादा गाडीखाली वाकला

मंगळवार, संध्याकाळ

काळाचौकीत दादाचं सायलेन्सर दुरुस्तीचं दुकान. त्याच्याच दारात आज त्याच्या मुलाने नवी चिनी, विजेवरची गाडी पूजेला उभी केली. दादा सवयीने खाली वाकला.

"बाबा, हिला सायलेन्सरच नसतो! पेट्रोल नाही, दुरुस्ती नाही. एवढ्या पैशात आपली कुठली गाडी येते?"

"दुरुस्ती नाही, म्हणजे मी नाही," दादा वाकलेलाच.

"दिवाळीत चिनी माळा नकोत म्हणून ओरडणारा तूच ना रे?" मी पुतण्याला टोमणा मारला. कोणी हसलं नाही. माझी जीभ!

खाली काही नाही हे कळूनही दादा एवढा वेळ वाकून काय बघत होता? शेवटी चाकाखाली लिंबू त्यानेच ठेवलं. गाडी निघाली. आवाज आला तो फक्त लिंबू चिरडल्याचा.