तंबोरा उतरला नव्हता

बाई, गेल्या रविवारी माझी लेक मला एका कार्यक्रमाला घेऊन गेली आणि तिथून परत आल्यापासून मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता भांडायचं तरी कुणाशी, हे मला कळतं. पण डोक्यातली धग काही जात नाही. काल ऑटोवाल्यावर सुम्मने खेकसले, काही कारण नाही, आणि तो बिचारा कन्नडमध्ये "याक अम्मा?", का हो, म्हणून मागे वळून बघत राहिला. म्हणून बसले लिहायला. तुमच्यापुढे मी जन्मभर "हो बाई" आणि "नाही बाई" एवढंच बोलले. आज मी बोलते आणि तुम्ही ऐका.

लेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. कॉलेजात असताना ती एका रॉक बँडच्या मागे वेडी होती. तिच्या खोलीतून असा दणदणाट यायचा की मी दार लावून घ्यायची. तो बँड कधीच मोडला. त्यातला बास गिटारवाला आता चाळिशी ओलांडून गेलाय आणि त्यानं तिघांचाच एक जथा काढलाय: तो, एक सॅक्सोफोनवाला आणि ड्रम वाजवणारी एक मुलगी. जॅझ म्हणे, पण त्यातही प्रयोग. "आई, येच तू," लेक म्हणाली. मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं." तर म्हणते, "कळायला कशाला पाहिजे? नुसती बस ना." इथल्या शिवाजीनगरच्या बाजूला एका जुन्या गोदामात आता कॉफीचं दुकान झालंय, तिथं संध्याकाळचं ऊन खिडक्यांतून आत येत होतं आणि माणसं टेबलांवर बसून खातपीत होती. माझ्या वयाची मी एकटीच. सुरुवातीला तर मला हसूच येत होतं. ती मुलगी झांजेवर व्हायोलिनचा गज फिरवत होती आणि सॅक्सोफोनवाला नुसती हवा फुंकत होता, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतं तसं. तालाचा पत्ता नाही, चालीचा पत्ता नाही. गिटारवाला एका बाजूला, जवळजवळ त्या दोघांच्या मागे उभा. तोच म्होरक्या, पण पुढे यायचं नाव नाही. त्यानं एकच जाड तार छेडली आणि थांबला. पुन्हा तीच. पुन्हा तीच. आणि बाई, माझं हसू गेलं, कारण तो खर्ज होता, तंबोऱ्याची सगळ्यांत जाड तार बोलते तसा.

खर्ज मी तुमच्याकडे ऐकायला शिकले. आमच्या अण्णांचं चिकपेटेत कापडाचं दुकान होतं, तुम्ही साडी घ्यायला आला होतात आणि मी गल्ल्यामागे गुणगुणत बसले होते. तुम्ही अण्णांना म्हणालात, "पोरीचा गळा बरा आहे, पाठवून द्या." तेवढ्यावर अण्णांनी मला पाठवलं. पहिलं वर्ष तुम्ही मला गाऊच दिलं नाही. नुसता तंबोरा लावायचा. खुंटी पिळायची, बारीक फरकासाठी तारेतला मणी सरकवायचा, घोडीवर तारेखाली दोरा सारायचा, आणि जवारी बोलेपर्यंत, तार घुमायला लागेपर्यंत ऐकत राहायचं. तुम्ही स्वयंपाकघरात कालवणाला फोडणी देताय आणि तिथूनच ओरडताय, "जोड खाली आहे गं!" आणि खरंच मधल्या दोन तारांची ती जोडी केसभर खाली असते. मी थक्क होते. मला वाटतं, असा कान मिळाला तर आणखी काय पाहिजे माणसाला. तुम्ही मला जेवायला वाढता, ताप आला तर घरी पाठवत नाही, स्वतःच्या अंथरुणावर निजवता. हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर इतका त्रासही झाला नसता.

पुढे तुम्ही गायला शिकवलंत, आणि नीट शिकवलंत. कार्यक्रमात मागे तंबोऱ्यावर मला बसवू लागलात. मागून स्वर भरायचा तोही तुमची खूण झाली तरच. डावा हात मांडीवरून मागे यायचा, दोन बोटं हलायची, मग मी हलकेच आ लावायचा आणि तुम्ही पुढची जागा घेतलीत की गप्प व्हायचं. त्या वर्षी आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तुम्ही गात होतात. वरच्या षड्‌जाकडे निघालात आणि तो लागेना. एकदा गेलात, आवाज अडला. पुन्हा गेलात, खोकला आला. तुमचा हात मागे आला नाही. मी वाट पाहिली, मग मला राहवलं नाही आणि मी तो षड्‌ज लावला. लागला बाई. असा लागला की मलाच कळेना हा माझ्यातून येतोय. समोरच्या सगळ्यांनी तुमच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कुणीतरी मोठ्यानं "वा" म्हटलं. मी लगेच डोळे खाली केले. तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी सकाळी आले. पेटीवाले मास्तर ओट्याशी उभे राहून कॉफी पीत होते आणि तुम्ही पाटावर बसून मेथी निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "काल तंबोरा उतरला होता. म्हणून मला वरचा सा सापडेना."

मी म्हटलं, "नाही बाई, मी मध्ये दोनदा बघितला."

"तुला नाही कळायचं. तार उतरते तसा लावणाऱ्याचा कानही तिच्याबरोबर उतरतो. तुझा उतरतो. हा दोष आहे तुझ्यात, मी आधीपासून बघतेय. तू त्या उतरलेल्या सुराला धरून वरचा सा लावलास आणि लोकांना काय, मोठा आवाज म्हणजे गाणं."

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांची पेटी रात्रभर तंबोऱ्याला लागून वाजली होती, पेटी काही उतरत नाही. तंबोरा उतरला नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते वेड पांघरून पेडगावला गेले, कपातल्या कॉफीत बघत राहिले. आणि मी तुमचं ऐकलं. तुमचा शब्द होता तो. उद्या तुम्ही म्हणाला असतात की मला उजवा हातच नाही, तर मी डाव्या हातानं जेवले असते. त्यानंतर मी लोकांपुढे कधी गायले नाही. नंतर तर एकटीही गाईना, कारण गायला लागलं की वाटायचं, हे खाली असेल आणि मला कळत नसेल. बँकेत नोकरी लागली, लग्न झालं, लेक झाली. तिला पाळण्यात घातली तेव्हा सासूबाईंनी म्हटलं, पाळणा तूच म्हण, तू शिकलेली आहेस, तर मी म्हटलं माझा घसा बसलाय. पुढे लेकीनं गाणं शिकायचं म्हटलं तर तिला दुसऱ्या बाईंकडे घातली. ती परवा ऑटोत म्हणाली, "आई, तू भांडी घासताना पण कधी गुणगुणत नाहीस, माहितेय तुला?"

तर तो गिटारवाला. तीच तार, तीच तार, आणि वरती सॅक्सोफोन आता हवेतून सुरात आला होता. आणि मला दिसलं, दिसलं कसलं, ऐकू आलं की खर्ज उतरतोय. अगदी स्वल्प. मला वाटलं, पिळायची तार आहे, उतरली असेल, आता नीट करील. तो डाव्या हातानं गिटारीचं डोकं, खुंट्या असतात ते, धरून उभा होता, लोकांना वाटत असणार ही त्याची उभं राहायची तऱ्हा. तार आणखी उतरली. सॅक्सोफोनही तिच्यासोबत खाली आला, तोंडानं वाकवत वाकवत. माझी बोटं टेबलाच्या कडेवर मणी शोधायला लागली, बाई. खरंच, बोटं सरकत होती आणि सरकवायला काही सापडत नव्हतं. लेकीनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "तार उतरतेय गं, कुणी सांगा त्याला." ती म्हणाली, "नाही आई, तसंच आहे ते, आधीसारखंच." मी आजूबाजूला पाहिलं. एकाही माणसाच्या चेहऱ्यावर काही नाही, मजेत माना डोलावताहेत.

कार्यक्रम संपल्यावर मी उठून सरळ त्याच्यापाशी गेले. लेक मागून "आई, नको ना" करतेय. तो वायरींची भेंडोळी गुंडाळत होता, लांब केस, हातावर गोंदलेलं. मी कन्नडमध्येच विचारलं की शेवटच्या वाजवण्यात तुमची जाड तार उतरत होती, ती तुम्ही उतरवलीत की आपसूक उतरली?

त्यानं हातातलं काम थांबवलं. "उतरवली, अम्मा. स्वल्प स्वल्प. तुम्हाला केव्हा कळलं?"

"पहिल्यांदा उतरवलीत तेव्हाच. मध्ये एकदा जास्त गेली, मग तुम्ही परत थोडी वर घेतलीत."

तो हसायलाच लागला आणि त्यानं ड्रमवाल्या मुलीला हाक मारून मला तिच्यासमोर पुन्हा ते सांगायला लावलं. "ते चुकून झालं होतं," म्हणाला. "वाजवणाऱ्यांना कळतं कधीकधी. ऐकायला येणाऱ्यांना नाही, कारण तार हळू उतरवली की कानही तिच्याबरोबर उतरतो. तोच तर खेळ आहे सगळा." तुमचंच वाक्य, बाई. हातावर गोंदलेल्या माणसाच्या तोंडून, कन्नडमध्ये. मग त्यानं विचारलं, "तुम्ही काय वाजवता?"

मी म्हटलं, "काही नाही. मी तंबोऱ्यावर बसायची."

घरी येताना लेक काहीबाही बोलत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते. इतक्या माणसांचा कान उतरला, माझा उतरला नाही. साठीच्या घरात आलेय, गाणं सोडून जन्म लोटलाय, तरी उतरला नाही. मग त्या गणपतीत, तरणीताठी असताना, कसा उतरला असेल? आणि मग एकेक आठवायला लागलं, आधी कधी का आठवलं नाही कुणास ठाऊक. त्या सकाळनंतरही तुमच्या प्रत्येक कार्यक्रमाला तंबोरा मीच लावला. दुसऱ्या कुणाला तुम्ही हात लावू दिला नाहीत. एकदा मी आजारी होते तर तुम्ही बैठकच पुढे ढकललीत. कान उतरणाऱ्या पोरीच्या हातात कुणी स्वतःचा तंबोरा देतं का? आणि शेवटी शेवटी त्या गुरुपौर्णिमेला सगळ्यांसमोर तुम्ही तुमचा तंबोरा माझ्या मांडीवर ठेवलात आणि म्हणालात, "हा आता हिचा. हिचा हात यावरच शोभतो." मी तुमच्या पाया पडून रडले होते, आनंदानं. आता ते वाक्य पुन्हा ऐकते तेव्हा त्यातला "यावरच" मला ऐकू येतो. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी शंभर वेळा वापरली असेल. ते अंगण मी होते, हे मात्र मला माहीत नव्हतं.

तुम्हाला भीती वाटली असेल. आवाज चाललाय, मागे एक पोर बसलीय, तिचा लागतोय. मीही आता जिना चढताना कठडा धरते, भीती मला कळते. मुंबई-पुण्याकडच्या बायका इथे येऊन राहिल्यात, आमच्या वरच्या मजल्यावर एक आहे, तिला हे सांगितलं तर म्हणाली, "काकू, सोडून द्या हो, होतं असं, त्यांनी इनसिक्युरिटीतून केलं असेल." मी म्हटलं, सरी, असेल. चांगला शब्द आहे. पण तुम्ही मला म्हणू शकला असतात, पुन्हा खुणेशिवाय तोंड उघडशील तर याद राख. मी उघडलं नसतं. दहा शिव्या दिल्या असत्या तरी दुसऱ्या दिवशी रियाजाला आले असते. तुम्ही माझा आवाज नाही मारलात, कान मारलात, आणि कान मारला की आवाजाला जायला जागाच राहत नाही. हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मला तुमचा राग येतोय. आणि तुमची आठवण येते, तिचाही राग येतोय.

हे लिहून झालं की कपाटात तुमचे फोटो आहेत त्यांच्याखाली सारून देईन, आणखी करायचं काय. पण एक सांगायचं राहिलं. परवा लेक ऑफिसला गेल्यावर मी तंबोरा खाली काढला. बळेपेटेतल्या वाद्यांच्या दुकानातून नव्या तारा आणल्या, चढवल्या, आणि सा लावायला बसले. आवाज फाटला. तुमची गायची पट्टी पेटीवरची काळी पाच, तिथं आता माझा गळा कुठून पोचणार. मग मी त्या माणसासारखी खुंटी सैल करत गेले, स्वल्प स्वल्प, तारा छेडत, आ लावत. उतरवत राहिले. माझा सा कुठे येईल आणि कुठे थांबायचं, ते मला कळेना. मी कधी माझ्यासाठी तंबोरा लावलाच नव्हता. शेवटी खुंट्या पिळून तो परत काळी पाचला आणला, तुमच्या, आणि गवसणी घालून ठेवून दिला.