धुतलेल्या डब्यांच्या चिठ्ठ्या

अहो,

'प्रिय' लिहू का, असं पल्लवी विचारतेय. पन्नास वर्षांत कधी म्हटलं नाही, आता कशाला घाबरवू तुम्हाला? नुसतं 'अहो' लिही म्हटलं. मी सांगतेय, नात लिहितेय. माझं 'हाय' खोडून 'आहे' करते, तेवढं चालवून घ्या.

पत्र आत्ता का? तर अंबडच्या कारखान्यातल्या साहेबांनी तुमची शेवटची बारा सर्किटं परत पाठवली. तुमच्यामागे पल्लवीनेच ती तुमच्या वहीतले आकडे घालून पुरी केली होती. ठोका हवा दहाचा, येतो दहा दशांश आठचा! साहेब फोनवर तिला म्हणाले, "जाऊ दे गं. काकांचं वय झालं होतं, शेवटी शेवटी आकडे चुकणारच." फोन स्पीकरवर होता. माझ्या हातातला घास हातातच राहिला. तुमचा आकडा, आणि चुकला?

तुमचं काम मला कधी कळलंच नाही. मसुराएवढा स्फटिक म्हणे सेकंदाला अडीच कोटी ठोके देतो, त्यालाच तुम्ही 'पंचवीसचा' म्हणायचात. चिपमध्ये ते आधी गुणायचे, मग भागायचे, की हवा तो ठोका मिळतो. मी विचारलं होतं, "आणि भाग पुरता गेला नाही तर?" तुम्ही म्हणालात, "तू मला एक दिवस दोन भाकरी वाढतेस, एक दिवस तीन. रोजच्या किती पडल्या? अडीच. चिपही तसंच करते." पण अहो, अर्धी भाकरी मी कधी वाढलीच नाही! मग ती आली कुठून? तुम्ही नुसते हसत बसलात. मी अजून तिथेच अडकलेय.

पल्लवी तीन दिवस तुमच्या वहीत डोकं घालून बसलीय. हिशेब जुळतो, ठोका जुळत नाही. काल तिने तुमच्या आकड्यांवर लाल रेघ मारली. मला बघवलं नाही. तुमचं टेबल कसं लख्ख असायचं! तुमच्या जलदान विधीला पाहुणे येणार म्हणून मीच ते आवरलं, ते स्फटिकांचे दोन डबे रिकामे करून घासले...

इथे पल्लवीचं पेन थांबलं.

"आजी, डबे घासलेस?"

"मग! धूळ किती होती."

"आणि वरच्या चिठ्ठ्या?"

"साबणाने सुटल्या. वाळवून, खळ लावून परत चिकटवल्या की."

"कुठली कुठल्या डब्यावर?"

आता ते मला काय ठाऊक? दोन्ही चिठ्ठ्या मला सारख्याच!

ती भिंग घेऊन बसली. परत आली तेव्हा डोळे भरलेले. म्हणाली, पंचवीसच्या चिठ्ठीखाली सत्तावीसचे स्फटिक आहेत. सत्तावीसला पंचवीस समजून हिशेब केला, की दहाचे बरोबर दहा दशांश आठ होतात.

म्हणजे तुमचं काहीच चुकलं नाही. मला हसू आलं, आणि हसतेय कशाला तेच कळेना. एवढी बारा सर्किटं अडली, ती माझ्या खळीच्या बोटाने?

तुम्ही माझ्यासाठी पाटी आणली होती, आठवतं? मी म्हणाले, घरात एक वाचणारा पुरे. तुम्ही मुकाट्याने ती माळ्यावर टाकलीत. चहात साखर कमी पडली तर दोन दिवस अबोला धरणारा माणूस! मग तिथेच कसं माझं लगेच ऐकलंत?

पल्लवी म्हणते, "साहेबांना सांगू, चिठ्ठ्या चुकून बदलल्या. तुझं नाव कशाला?" मी म्हटलं, लिही तू गपचूप.

उद्या मी स्वतः अंबडला जाणार, तिच्या स्कूटीवर. मागे बसायला मला किती भीती वाटते, तुम्हाला माहीत आहे. तरी बसेन. साहेब चहा मागवतील, तो आधी बाजूला ठेवेन, आणि सगळ्या कामगारांना ऐकू जाईल असं सांगेन, की यांच्या वहीतला एकही आकडा चुकलेला नाही, चिठ्ठ्या मी फिरवल्या. मगच चहा घेईन.

तुमची,
शेवंता