रविवारी मी कुठं जेवलो

येलदरी,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

प्रिय अक्का,
जय भीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी तुला वाटेल, ह्याचा फोन कुठं पडला की काय. फोन खिशात आहे, चांगला आहे. पण फोनवर मला खोटं लय पटकन सुचतं. कागदावर हात जरा थांबतो. म्हणून लिहायलोय. दाजींना जय भीम सांग. नीलमचा पुढचा दात पडला का? पडला असला तर फोटो पाठव, मामाला तिचं बोळकं बघायचंय.

रविवारी परभणीच्या जेवणाला मी आलो नाही म्हणून तू चिडलीस. चिडायलाच पाहिजे. बाबांनी आयुष्यभर रुळाच्या कडेला बसून डबा खाल्ला. गँगमन माणूस, हॉटेलात टेबलावर बसून ताट कधी मागितलं नाही. आणि ह्या वेळी स्वतःहून म्हणाले की धम्माचा पेपर चांगला गेलाय, आपण सगळे शहरात जेवू. दाजी उत्तरतालिका काढून आणणार होते, जेवताजेवता माझी उत्तरं ताडून बघणार होते, हेही तू सांगितलं होतंस. आणि मी तुला दोन ओळी पाठवल्या, ‘गाडी हुकली. हितंच जेवलो.’

तर हितलं जेवण कसं असतं ते सांगतो.

पण आधी मुंजाजीमामा कोण ते सांगायला पाहिजे. पेपर झाल्यावर मित्राकडं राहिलोय म्हणून मी कळवलं होतं, तो मित्र म्हणजे हे. पंचावन्न वर्षांचे आहेत. भोई आहेत, धरणात जाळं टाकतात. ओळख झाली परभणीच्या स्टँडवर. थर्माकोलच्या दोन जाड फळ्या घेऊन ते येलदरीच्या बसमध्ये चढायले होते आणि कंडक्टर चढू देईना.

“ह्याचं लगेज लागंल.”

“वजन करून बघा सायेब. तुमच्या टोपीपेक्षा हलकं हाय.”

“जागा किती खायलंय ते बघा की!”

“मंग मी हुबा ऱ्हातो, त्येला शीट द्या.”

अख्खी बस हसली. मी खाली उभा होतो. विचारलं, मामा, हे कशाला? म्हणाले, “बसायला.” कुठं? म्हणाले, “पाण्यावर.”

अक्का, आता तूच सांग, एवढं ऐकून माणूस तिथंच कसा उभा राहील?

त्या फळ्या खताच्या पोत्यात घालून शिवतात. वर मांडी घालून बसायचं. हातात लाकडाच्या दोन छोट्या फळकुट्या, त्यांनी पाणी मागं लोटत जायचं. होडी नाही, काही नाही. सांजच्याला जाळं सोडायचं, पहाटे काढायचं. मासा जाळ्याच्या घरात डोकं घालतो आणि कल्ल्यापाशी अडकतो. त्याला मागं ओढायचं नसतं, कल्ले फाटतात. आला तसा पुढंच सरकवून काढायचा. मला वाटायचं मासा माघारी फिरता येत नाही म्हणून अडकतो. मामा म्हणाले, “फिरंल की. पर त्येला पुढंच काय हाय ते बघायचं असतंय.” असं म्हणून माझ्याकडं बघून हसले.

बरं, रविवार.

शनिवारी सांजच्याला मामांनी पहिल्यांदा एक जाळं माझ्या हातानं सोडायला लावलं. रविवारी पहाटे काढलं तर पाच-सहा चिलाप्या आणि एक कटला, चांगला हातभर. तो कटला विकायला जाऊ दे म्हटलं तर मामा ऐकेनात. म्हणाले, “दुसरे दोन हायत माझ्या जाळ्यात, ते जातेल. ह्यो घरात शिजंल.” त्यांच्या बायकोनं, कमलमावशीनं, काळ्या मसाल्यात रस्सा केला. ज्वारीच्या भाकरी. हे लोक पाण्यावरून आले की नऊ-साडेनऊलाच पोटभर जेवून घेतात. मी शनिवारीच ठरवलं होतं की आज हितंच जेवायचं, परभणीला जायचंच नाही.

मावशीनं माझ्या ताटात मुंडकं वाढलं. अख्खं, डोळ्यासकट.

आपल्या घरी कसंय, चांगलं जे असेल ते आधी बाबांच्या ताटात. मी ते मुंडकं उचललं आणि मामांच्या ताटात ठेवलं. म्हटलं, तुमी मोठे, तुमी घ्या.

मामांचा हात भाकरीवरच थांबला. मावशी चुलीपुढून वळली. मला वाटलं, उष्ट्या हाताचं काही चुकलं. शेवटी मावशी म्हणाली, “न्हाई यायचं तर तोंडानं सांगावं बापू. असं ताटातून कामून सांगायलास?”

“काय न्हाई यायचं?”

“पाण्यावर.”

तेव्हा कळलं. त्यांच्या घरात ज्याचं जाळं, त्याला मुंडकं. पहिल्या जाळ्याचं मुंडकं खाल्लं की तो माणूस जाळ्यातला झाला. परत दिलं की मला हे काम नको, असा त्याचा अर्थ. मी मान द्यायला गेलो आणि कामच परत केलं. मी हात जोडले, म्हटलं मावशी, मला माहीत नव्हतं, आमच्याकडं असंच शिकवलंय. मामा हसले, मुंडकं परत माझ्या ताटात ठेवलं. “खा मंग.”

पण मावशीचं डोकं पुढं चाललं होतं. “आज तुझा बाप परभणीत तुला जेवू घालणार व्हता ना? मंग तू हितं कसा?”

मी तिला खरं कारण सांगितलं. तुलाही सांगणार आहे, ह्याच पत्रात. ती ऐकून म्हणाली, “मंग ह्ये मुंडकं आज खाऊ नकू. तिकडं ताट मांडून बाप बसलाय, आन तू हितं जाळ्यातला व्हायलास. बजरंगची गाडी दहाला निघती. ऊठ.” आणि ताट उचललं, अक्का. हात धुवायला पाणी दिलं. एक घासही पोटात गेला नव्हता.

म्हणजे रविवारी मी येलदरीत जेवलो नाही. पहिलं खोटं हे.

बजरंग त्याच्या छोटा हत्ती टेम्पोतून मासे नेतो. मी मागं क्रेटवर बसलो, बर्फाचं पाणी पँटीतून खाली. खरं सांगू का, मला कधीपासून बघायचंच होतं की हे मासे जातात कुठं. दोन क्रेट जिंतुरात उतरले. बाकीचे परभणीत, तिसऱ्या हॉटेलाच्या मागच्या दारी गाडी लागली आणि मी क्रेट उचलून आत नेला. स्वयंपाकघरातून बाहेर ताटं द्यायची खिडकी असते ना, तिच्यातून समोरच तुम्ही.

हो, तेच हॉटेल. तू दाराकडं तोंड करून, नीलम दाजींच्या मांडीवर. बाबा माझ्याकडं पाठमोरे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मान लय बारीक झालीय गं त्यांची. शेजारी एक खुर्ची रिकामी.

मी पुढं येणारच होतो. पण पँट भिजलेली, अंगाला माशाचा वास, म्हणून आधी तोंड धुवावं म्हटलं. तोंड धुतलं, पँट वाळेपर्यंत मागं उन्हात थांबलो, आणि परत आलो तोवर आचाऱ्यानं आमच्याच क्रेटमधला मासा करून तुमच्या टेबलावर धाडला होता. बाबांनी एक घास खाल्ला आणि वेटरला विचारलं, “कुठला हो हा मासा?”

“मुंबईचा हाय काका. समुद्राचा.”

मला एवढं हसू आलं! मामांच्या जाळ्यातला कटला, सकाळी मीच सोडवलेला. ओरडून सांगणार होतो, न्हाई बाबा, येलदरीचा हाय! तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात बाबा दाजींना म्हणाले, “नंबर पाठ हाय माझा. तुमी कागद काढून ठेवा, धम्मा आला की ताडू.” आणि बैठक क्रमांक म्हणून दाखवला. सगळे आकडे, न अडखळता. मला स्वतःला शेवटचे तीन आठवत नाहीत.

मग तू फोन लावलास. माझ्या खिशात वाजला, चार पावलांवर. आचाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी कापला आणि तिथंच उभं राहून तुला त्या दोन ओळी पाठवल्या. तू वाचलंस, तुझा चेहरा मी बघितला. तू बाबांना हळूच सांगितलंस. त्यांनी पेला उचलला, पाणी प्यायले. मी मागच्या दारानं निघालो.

आता ते कारण. स्टँडवर मामा भेटले ती तारीख २६ ऑक्टोबर होती. सकाळचे नऊ. पेपर दुपारी दोनचा होता, अक्का. मला वाटलं, बघून येऊ, दोनला पोचू. खिशात हॉल तिकीट होतं, ते मी पाण्यावर घेऊन गेलो. दोन वाजले तेव्हा धरणाच्या मधोमध मांडी घालून बसलो होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला एकदाही वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते सांजच्याला, बाबांचा फोन आला तेव्हा. त्यांनी एवढंच विचारलं, कसा गेला? बरा गेला, असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्या ‘बरा’चा ह्यांनी तीन आठवड्यांत ‘चांगला’ केला, मग हॉटेल केलं.

मी पेपर दिला नाही. गेलोच नाही.

तू बाबांना सांगू नकोस. तू सांगितलंस तर गोड करून सांगशील. मी येत्या रविवारी चुडाव्याला येतोय, घरी, सकाळच्या गाडीनं. मासे आणणार नाही. हातात मासा असला की बाबा आधी त्याचंच विचारतील, मीही तेच सांगत बसेन आणि दिवस जाईल. मोकळ्या हातानं येतो. बसायच्या आधी सांगतो, उभ्यानंच. दुसरंही सांगायचंय, की मला पाण्यावर राहायचंय, हे कुणी शिकवलं म्हणून नाही. ते ऐकून ते जेव म्हणाले तर जेवेन. नाही म्हणाले तर दुपारच्या गाडीनं परत. मामांना सांगून ठेवलंय की माझं उत्तर सोमवारी.

तू ये म्हणत नाही. पण आलीस तर बाहेर ओसरीवर थांब, मध्ये पडू नकोस.

तुझ्यापासून चार पावलांवर उभा राहून आलो नाही म्हणून कळवणारा, परीक्षेला न बसलेला तुझा भाऊ,

धम्मानंद