इंग्रजी चालू असताना

अण्णा, आज मी बोलणार आहे आणि तुम्ही मधे बोलायचं नाही. चौथीनंतर माझी शाळा तुम्ही सोडवलीत, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर तो दोष तुमचा. राजाजीनगरच्या क्वार्टरमधली ती दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. कारखान्यातले मोठे साहेब घरी यायचे होते, तुमच्या बढतीचं घाटत होतं. आईने शेजारच्या अक्कांकडून चांगल्या कपबश्या मागून आणल्या होत्या. साहेब बसतात, इंग्रजीत काहीतरी सांगू लागतात, आणि मी नऊ वर्षांची आगाऊ पोरगी मधेच म्हणते, "साहेब, शिरा गार होतोय, आधी खा." तुम्ही कसे वळलात! "आत जा. इंग्रजी चालू असताना आपण तोंड उघडायचं नसतं." मी आत गेले. अण्णा, त्यानंतर चाळीस वर्षं मी आतच होते. रिक्षावाल्याशी कानडीत भांडायला लागले तर माझ्यापुढे कोणी टिकत नाही, पण मुलाच्या शाळेत बाई इंग्रजीत बोलायला लागल्या की मी भिंतीवरचा नकाशा बघत बसायची. जे. पी. नगरच्या या फ्लॅटमध्ये तर इंग्रजी हॉलमध्येच राहायला आलीय. सून घरी बसून तीन देशांतल्या माणसांशी बोलते. "आई, कॉल आहे हं," म्हणाली की मी मिक्सर बंद करते आणि ओट्याशी मुकाट उभी राहते.

वरच्या मजल्यावर एक कोरियन बाई राहते, नवरा होसकोटेच्या कारखान्यात. माझ्याकडून रोज पोळ्या न्यायची, हसायची, जायची. गेल्या महिन्यात ती हातात नवं कोरं लाटणं घेऊन दारात उभी. सुनेच्या कानात कॉल चालू, तिने नुसतंच माझ्याकडे बोट दाखवलं. बाई सरळ स्वयंपाकघरात शिरली! आता मी आणखी आत कुठे जाणार? तिने गोळा घेतला आणि धुण्याच्या दगडावर चादर रगडावी तशी पोळी रगडायला लागली. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, असलं काही मला बघवत नाही. माझ्या तोंडातून इंग्रजीत कानडी मिसळून निघूनच गेलं, "नो, नो! नो फोर्स! साइड थिन, मिडल स्वल्प थिक!" ती थांबली. मला वाटलं, आता हसणार. तिने एकेक शब्द शोधत म्हटलं, "टीचर, अगेन. स्लो. माय इंग्लिश नो गुड."

तिचीसुद्धा नाही, अण्णा! मी आजवर समजत होते की हॉलमधल्या सगळ्यांना येते आणि आतल्यांनाच तेवढी येत नाही. ही बाई विमानात बसून इतक्या लांब आली ती असल्याच मोडक्या इंग्रजीवर, आणि तिला त्याची लाज नाही. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. मग मधे ही एक डुगडुगती खुर्ची, तीवर दोघींनी अर्धं अर्धं टेकायचं. चौथी पोळी तव्यावर टम्म फुगली तेव्हा दोघी आपापल्या भाषेत ओरडलो. सून कॉल सोडून धावत आली, म्हणाली, "काय जळलं?"

उद्या शनिवार. इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये त्या बाईच्या पाच मैत्रिणी येणार आहेत, दोघी जपानी आहेत म्हणे. शिकवायचं मी. सून म्हणाली, "आई, मी थांबू का बोलायला?" मी म्हटलं, "तू तुझे कॉल कर." म्हणून बसले खरी, पण दुपारपासून दोनदा कणीक भिजवून झाली. तरी जाणार. अडलं तर "अगेन, स्लो" म्हणेन. तेवढ्याने काम होतं, हे मी पाहिलंय.

एक सांगायचं राहिलं आहे. त्या दुपारी मी आत गेले, पण पडद्याआडून बघत होते. साहेबांनी तुम्हाला काहीतरी विचारलं, तुम्ही "येस सर" म्हणालात. त्यांनी कपाळाला आठ्या घालून पुन्हा विचारलं, तुम्ही पुन्हा "येस सर". कपातला चहा बशीत सांडत होता. तुम्हालाही कळत नव्हतं. बढती काही मिळाली नाही, आणि मी एवढी चिडलेली होते की मला बरं वाटलं. तुम्ही आता नाही, तेव्हा हा कागद कुठे पाठवायचा नाही, पिठाच्या डब्यात ठेवते. त्या दिवशी पडद्यामागे मी तुम्हाला हसले होते, अण्णा.