नटावरची लाल खूण

बाबा,

मी बसने कामावर जातेय. गाडीची किल्ली टेबलावर आहे, लपवू नका.

त्या जुन्या गाडीपायी माझे तीन रविवार गेले. मूठ पिळली की आधी काहीच नाही, मग एकदम हिसका! कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, चेन ताणली. शेवटी कळलं, मुठीची केबल सैल होती. घट्ट केली, दोन दिवसांत पुन्हा तेच. मेकॅनिकला नाही नाही ते बोलले. चोर सोडून संन्याशाला फाशी! परवा नटावर नेलपॉलिशची खूण केली. आज ती अर्धा फेरा सरकलेली दिसली, आणि शेजारी तुमचा दहाचा पाना.

केबल ढिली केली की पोरगी हळू चालवेल, असं वाटलं? जन्मभर मशिनं दुरुस्त केलीत ना तुम्ही? काल त्याच हिसक्याने मी ट्रकखाली जाता जाता वाचले.

दादाच्या अपघाताचं वर्षभरात आपण नावही काढलं नाही. तुम्ही एकदा "हळू चालव" म्हणाला असतात, तर ऐकलं असतं मी.

पाना किल्लीपाशीच ठेवलाय. नट तुमच्या हाताने घट्ट करा. संध्याकाळी माझ्या मागे तुम्हीच बसणार आहात.