माझा बॅज एकदम क्लीन

३ नोव्हेंबर, संध्या. ७
थळजवळच्या साइटवर पाइपाच्या वेल्डिंगचा एक्स-रे काढत होतो. किरणं सोडणारा सोर्स कॅमेऱ्यात परत गेलाच नाही, नळीत अडकला. मला काय माहीत! नळी हातात धरून उभा. दोन मिनिटं फक्त. जोडीदार अल्पेश बोंबलला तेव्हा सोडली. रेडिएशन मोजायचा बॅज नेहमीप्रमाणे घरी, देव्हाऱ्यात. बॅजवर आकडा चढला की साहेब घरी बसवतात, म्हणून जपतो. नळी धरल्याचं साहेबांना सांगायचं नाही. अल्पेशला शपथ घातली.

४ नोव्हेंबर
काल रात्री तीनदा उलटी. कोलंबी शिळी. बायको प्राप्ती म्हणते, तीच कोलंबी मी खाल्ली, मला कुठं काय झालं? तिचं पोट वेगळं.

५ नोव्हेंबर
मोबाइलवर वाचलं. रेडिएशनने अंगातले अँटिऑक्सिडंट कमी होतात, बॅलन्स बिघडतो. हात्तिच्या, एवढंच! मग भरायचे. उद्यापासून पहाटे पाचला आवळा, हळद, कोकमाचं आगळ.

६ नोव्हेंबर
साडेआठला उठलो. आगळ दुपारी घेतलं. मोठा ग्लास, बिनपाण्याचं.

७ नोव्हेंबर
जुलाब. विष बाहेर पडतंय. चांगली खूण.

८ नोव्हेंबर
सोर्स अडकला म्हणून साहेबांनी सगळ्यांचे बॅज अर्जंट तपासणीला मागितले. माझा, वरचं कुंकू पुसून, दिला.

१२ नोव्हेंबर
उजव्या हाताची बोटं लालभडक, ठणकतात. प्राप्तीला सांगितलं, चुना लागला. आमची अमिषा, चार वर्षांची, मांडीवर बसायला आली. ढकललं तिला. रडली. माझ्यातून तिला लागलं तर? अल्पेश म्हणतो, येड्या, ते असं लागत न्हाय, तू डॉक्टरकडं जा. फार भीती वाटते. मरायचं नाही मला. आवळे डबल केले.

१५ नोव्हेंबर
अलिबागला डॉक्टरीणबाईंकडे. रक्तात पांढऱ्या पेशी खूप कमी. बाईंनी काम विचारलं, मग म्हणाल्या, बॅज लावला होता का? छाती फुगवून म्हटलं, कायम. बॅजचा रिपोर्ट पण दाखवला, शून्य. बाई म्हणाल्या, मग रेडिएशन नाही, दुसरं काही मोठं असेल, कमरेच्या हाडात सुई घालून बघू. मेलो! खरं सांगितलं तर नोकरी जाते, नाही सांगितलं तर औषध भलत्याच रोगाचं. उद्या फोन करून सगळं सांगतो.

१६ नोव्हेंबर
फोन लागला नाही. केला नाही.

१७ नोव्हेंबर
बोटांना फोड. डाव्या हाताने लिहितोय. प्राप्तीने ही वही वाचली. मला रिक्षात घातलं आणि वही बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी सगळी वाचली, मग विचारलं, यातलं खरं किती?
मला साहेब आठवले. म्हटलं, तारखा.