ताठ पाठ आणि चौतीस मिनिटं

४ जानेवारी

मला बोलायला बंदी झाली आहे, म्हणून लिहिते आहे. बंदी घातली दीपश्रीने — माझ्या सुनेने! आज जेवताना म्हणाली, "आई, निवडचाचणी होईपर्यंत सायकलवर एक शब्दही नको." गुरुप्रसादने, माझ्याच पोटच्या पोराने, मान डोलावली.

वीस किलोमीटर, चौतीस मिनिटांच्या आत — तरच राज्याच्या संघात. गेल्या वर्षी एकवीस सेकंदांनी हुकलं. यंदा हुकलं तर सायकल विकून टाकणार म्हणते. आणि मी म्हटलं काय? एवढंच, की तू छाती काढून वारा अडवतेस. एकतीस वर्षं मुलींना फिजिक्स शिकवलं. गप्प कशी बसू?

५ जानेवारी

गप्प बसले. डोकं दुखलं.

८ जानेवारी

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट. त्यात सायकलचा वाटा थोडा. अडतं ते माणसाचं अंग. म्हणून अंग लहान करायचं — पाठ आडवी, कोपरं आत, डोकं खाली. हे सगळं फळ्यावर शिकवलं. स्वतः कधी पाहिलं नव्हतं!

सकाळी गुरुप्रसादची जुनी सायकल काढली आणि आमच्या नवनगरच्या उतारावर गेले. पेडल न मारता वरून सोडायची, थांबेल तिथे खडूने रेघ. तीन वेळा ताठ बसून, तीन वेळा वाकून. वाकले तर सत्तावीस पावलं पुढे! कानात वाऱ्याची शीळ! वय चौसष्ट, आणि मी चक्क ओरडले. दूधवाल्याने पाहिलं. पाहू दे.

शेजारची हिराबाई फाटकातून धावत आली, कानडीत ओरडली, "अक्का, बिद्रेनू?"

पडले नाही गं, उडाले!

१४ जानेवारी

संक्रांत. एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इकडचा तीळगूळ, वाटून गोड बोलायचा दिवस. मी गप्प!

१७ जानेवारी

आज दीपश्रीचे कोच महादेव सर वही घेऊन आले. सराव चाचणीसारखाच, चार किलोमीटरच्या पाच फेऱ्यांचा. मी कडेला उभी असते (तोंड मिटून!) त्या दिवशी चौतीस सव्वीस, चौतीस एकतीस. मी नसते त्या दिवशी तेहेतीस बावन्न.

"वारा असेल," मी म्हटलं.

"गाळी नीवे, टीचर!" वारा तुम्हीच!

मी दिसले की दीपश्री उठून ताठ बसते, एका हाताने टी-शर्ट मागून खाली ओढते, आणि बरंच पुढे गेल्यावर मगच वाकते. फेरीगणिक सात-आठ सेकंद पाण्यात! सासूसमोरून ओणवं होऊन जायचं कसं? विचारलं तर लाल झाली. "लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, ताठ बस."

म्हणाले होते. सगळ्यांनाच म्हणते.

परवा चाचणीला मी घरी राहीन एक वेळ. पण धारवाडचे बाळाचार्य भावजी टेम्पो भरून सासरची माणसं आणताहेत. त्यांना कुठे लपवू?

१८ जानेवारी

केलं!

संध्याकाळी टेम्पो आला. चहा झाल्यावर सगळ्यांना फाटकाशी उभं केलं. सायकलवर बसले. नाक हँडलला, कोपरं आत, पाठ वर — आणि अख्ख्या सासरासमोरून गेले. वळून पुन्हा गेले.

"वहिनी! अहो, हे काय?" भावजी ओरडले.

"फिजिक्स!"

दीपश्री पायरीवर बसून पोट धरून हसत होती. तिला म्हटलं, "बघितलंस? आता कुणाची लाज राहिली?" बंदी मोडली.

१९ जानेवारी

तेहेतीस मिनिटं चव्वेचाळीस सेकंद!!

पाचही वेळा समोरून गेली. मला नुसती पाठ दिसली — पोळपाटासारखी सपाट. एकदाही वर पाहिलं नाही, ओळख दाखवली नाही. असा अपमान रोज होवो! भावजींनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. वय बासष्ट. आमच्या वैद्य घराण्यात असं कधी झालं नव्हतं.

२३ जानेवारी

दीपश्री संघाच्या शिबिराला गेली. दुपारी महादेव सर येऊन माझ्या ताब्यात देऊन गेले: घड्याळ एक, खडूचा डबा एक, त्यांच्याकडे सराव करणाऱ्या सुना आठ. आठही ताठ बसतात.